जावई, रिव्हिजन सी

घराची प्रतिष्ठा दारातल्या गाडीवरून, अंगणातल्या फरशीवरून किंवा पाहुण्याला मिळणाऱ्या चहावरून ठरत नाही. हवा तो कागद हवा तेव्हा सापडतो की नाही, यावरून ती ठरते. या कसोटीला रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक घरं उतरत नाहीत, आणि जी थोडीफार उतरतात त्यांच्याकडे मुळात कागदच नसतात.

हे सत्य जमाल मजगावकर यांना आखातात उमगलं. तिथल्या एका तेलकंपनीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून काढली. या पदाची थोरवी सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. तेलाचा कारखाना उभारायला लोखंड लागतं, माणसं लागतात, तेलही लागत असावं. पण त्याआधी नकाशे लागतात. आणि जमालभाईंच्या टेबलावरून नंबर आणि शिक्का घेऊन गेल्याशिवाय त्या वाळवंटात एका नकाशाला हलता येत नसे, की कोणाला एक बोल्ट पिळता येत नसे. इतक्या वर्षांत जमालभाईंनी प्रत्यक्ष तेल कधी पाहिलं नाही. (एकदा पाहायला निघाले होते, पण आत जायचा परवाना जुन्या आवृत्तीचा निघाला, आणि तो त्यांनी स्वतःच नामंजूर केला.)

निवृत्त होऊन ते रत्नागिरीत मजगाव रोडवरच्या आपल्या घरी कायमचे परतले, आणि पहिल्याच आठवड्यात घराची पाहणी करून हादरले. घरपट्टीच्या पावत्या तांदळाच्या पिंपात होत्या. विजेची बिलं फ्रीजच्या मागे. मुलीचा जन्मदाखला गोधडीच्या घडीत. कलमांच्या बागेचा सातबारा सुक्या सोड्यांच्या डब्याखाली होता, त्यामुळे जमीन आंब्याची असली तरी उताऱ्याला वास सोड्यांचा होता.

"पिंपात वाळवी जात नाय," त्यांच्या पत्नी मासूमा म्हणाल्या. "आणि काय हवा तो मना विचारा, मी देतंय."

मासूमाबींच्या या व्यवस्थेत एकच दोष होता, तो म्हणजे ती चालत होती. कशी चालते हे मात्र कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. आणि जे लिहून ठेवलेलं नाही ते चालत असलं तरी चालत नाही, असं आखातातलं शास्त्र सांगतं. जमालभाईंनी त्याच दिवशी घर कागदमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

स्कॅनर आला. प्रत्येक कागद त्याच्या काचेवर पालथा झोपला, त्याला नंबर मिळाला आणि तो आभाळात गेला. (आभाळ नक्की कुठे आहे, असं मासूमाबींनी विचारलं. कंपनी सांगत नाही, असं उत्तर मिळालं.) मूळ कागद पावस गावच्या आंबेवाल्या धोंडूने आंब्याच्या पेट्यांत घालायला नेले. अशा रीतीने मजगावकरांची कित्येक वर्षांची वीजबिलं हापूसाच्या अंगाखाली वाशीच्या बाजारात पोचली, आणि त्यातली काही निवडक बिलं पुढे दुबईलाही गेली. त्यांना व्हिसा लागला नाही.

यापुढे घरातल्या प्रत्येक कामाची फाईल होणार होती. फाईल सादर करायची मासूमाबींनी, तपासायची मुलगी आफरीनने, मंजूर करायची जमालभाईंनी. तपासणीअंती फाईलवर तीनपैकी एक शेरा पडे: मंजूर, सूचनांसह परत, नामंजूर. मासूमाबींनी पहिली मागणी सुरमईची सादर केली. ती 'सुरमई की सुरमईचे तुकडे, स्पष्ट करावे' अशा सूचनेसह परत आली. खुलासा होऊन मंजुरी मिळेपर्यंत मिरकरवाडा बंदरावरचा मासळीचा लिलाव उरकला होता आणि मंजूर झालेली सुरमई चिपळूणच्या रस्त्याला लागली होती. त्या महिन्यात घरात डाळ शिजण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं. (आलेख उपलब्ध आहे.) दुसऱ्या महिन्यापासून मासूमाबी मासळी आणून, तळून, वाढून मग मागणी सादर करू लागल्या, आणि जमालभाई जेवता जेवता ती मंजूर करू लागले. प्रक्रिया सुरळीत झाल्याचा हा पुरावा होय, असं त्यांनी वार्षिक आढाव्यात नमूद केलं.

इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मग फहादचा विषय निघाला.

फहाद खलिफे हा राजापूरचा. तिथे त्याचं औषधांचं दुकान आहे. आफरीन रत्नागिरीत हायस्कूलला विज्ञान शिकवते. दोघं कॉलेजात एका वर्गात होती आणि त्यांनी आपसात कधीच ठरवून टाकलं होतं. आपल्याला काहीच ठाऊक नाही असं दोन्ही घरांनी धरून ठेवलं होतं, कारण रीत तशी आहे. आता रीतीप्रमाणे फहादची खाला, म्हणजे मावशी, नाझिया मागणी घालायला आली.

"जमालभाई, आमच्या फहादसाठी तुमची आफरीन मागायला आयलंय," नाझिया म्हणाली. "पोरगा तुमी बघितलेला हाय. आता तुमीच काय ता बोला."

जमालभाईंना मुलगा मनापासून आवडत होता. पण मनापासून आवडणं ही नोंदणीयोग्य बाब नाही.

"तोंडी मागणीला नंबर देता येत नाय, नाझिया," ते हळुवारपणे म्हणाले. "बायोडेटा पीडीएफमध्ये पाठवा. विषयात 'प्रथम सादरीकरण' असं लिहा."

नाझियाने मासूमाबींकडे पाहिलं. मासूमाबींनी पंख्याकडे पाहिलं. नाझियाने हातातली नानखटाई संपवली, कारण ती तोंडीच होती, आणि ती निघून गेली.

खलिफे मंडळी सभ्य. बायोडेटा आला. त्याला रिव्हिजन ए हा दर्जा मिळून तो चार दिवस तपासणीखाली राहिला आणि पुढील सूचनांसह परत गेला: उंची फुटांत दिली आहे, पासपोर्टात सेंटिमीटर आहेत, मेळ घालावा. 'स्वभाव शांत' असे म्हटले आहे, कोणाच्या मते ते नमूद नाही. छंद वाचन, पुरावा जोडलेला नाही.

फहादने मेळ घातला. शांत स्वभावाबद्दल त्याने दुकानातल्या नोकराचा दाखला जोडला. पुराव्यादाखल हातात पुस्तक धरलेला स्वतःचा फोटो पाठवला. ही रिव्हिजन बी. ती 'पुस्तकाचे नाव वाचता येत नाही' या सूचनेसह परत गेली.

यावर आफरीनने सूत्रं हाती घेतली. वडिलांना ती लहानपणापासून ओळखत होती. म्हणजे दोन वर्षांतून एकदा, सुट्टीत, पण नीट. शनिवारी शाळा सुटल्यावर तिने शाळेच्या कॉम्प्युटरवर बसून आपल्या होणाऱ्या नवऱ्याची तिसरी आवृत्ती स्वतः तयार केली आणि ती फहादकडून पाठवून घेतली. तिला अनुक्रमणिका होती. संक्षेपांची सूची होती. मागच्या दोन आवृत्त्यांत काय बदललं याचा तक्ता होता. आणि शेवटच्या पानावर मधोमध एकच ओळ होती: 'हे पान हेतुपुरस्सर कोरे ठेवले आहे.'

ती ओळ वाचून जमालभाईंनी चष्मा काढला आणि पुसला. ज्या घरात कोरं पान कोरं आहे हेसुद्धा लिहून ठेवतात, त्या घरात मुलगी डोळे मिटून द्यावी. त्यांनी रिव्हिजन सी पुन्हा पहिल्यापासून वाचली, एकही चूक सापडली नाही म्हणून थोडे हिरमुसले, आणि मग आखातात सर्वांत मोठ्या कामांसाठी राखलेला शिक्का त्यांनी त्या फाईलवर उठवला. त्यामुळे फहाद खलिफे, वय एकोणतीस, रंग गव्हाळ, याच्या छातीवर आता तिरक्या हिरव्या अक्षरांत लिहिलेलं आहे: बांधकामासाठी मंजूर.

"झाला एकदाचा," मासूमाबी म्हणाल्या. "मग आता साखर घेऊन राजापूरला कोण जातंय?"

"कोण कशाला? मंजुरी गेली. फहादच्या वडलांच्या फोनवर पोचलीसुद्धा."

"फोन पोचला. माणूस?"

"माणूस जोडपत्रात नाय," जमालभाई म्हणाले.

इथे वाचकांच्या सोयीसाठी थोडा खुलासा करायला हवा. खलिफ्यांच्या घरात होकार-नकाराची एक जुनी पद्धत आहे, आणि तिच्याइतकी सुटसुटीत पद्धत कोणत्याही तेलकंपनीकडे नाही. होकार असला की मुलीकडचं वडीलधारं माणूस साखर घेऊन येतं. नकार असला की कोणी येत नाही. नकार तोंडाने सांगायचा नसतो, त्याने माणसं दुखावतात. दोनेक आठवडे उंबऱ्यावर चपला वाजल्या नाहीत की काय ते समजायचं आणि पुढच्या घराकडे बघायचं. या पद्धतीने आजवर अनेक नकार पोचले आणि एकही भांडण झालं नाही.

जमालभाईंच्या कार्यपद्धतीतही शांततेसाठी कलम होतं. मुदतीत हरकत न आल्यास समोरच्या पक्षाची संमती गृहीत धरण्यात यावी, असं त्यात म्हटलेलं होतं.

मग दोन्ही घरं आपापल्या पद्धतीने गप्प बसली. राजापूर जसजसं गप्प होत गेलं तसतसे जमालभाई खुलत गेले. त्यांनी हॉल पाहून ठेवला. आचाऱ्याचा बायोडेटा मागवला. इकडे फहादने वडिलांना परोपरीने सांगितलं की होकार आलेला आहे, फोनमध्ये आहे, हिरव्या अक्षरांत आहे. वडिलांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. "फाईल आयली हाय तर मी काय करू?" ते म्हणाले. "बस म्हणू? चाय पाजू तिला?" मुलाने मुलीशी बोलून काही ठरवावं आणि बापाने उठून तयारीला लागावं, हे त्यांच्या दाढीला शोभणारं नव्हतं. त्यांनी गुहागरला एक मुलगी पाहायला जायचं ठरवलं. शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर.

हे आफरीनला फहादने सांगितलं तेव्हा ती शाळेत होती. तिने आठवीच्या मुलांना उरलेल्या तासात आकृती काढायला लावली आणि त्यांच्याकडे पाठ करून फळा पुसत राहिली. फळ्यावर काही नव्हतं.

घरी येऊन ती वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, तुमी राजापूरला जा. उद्याच्या उद्या."

"मुदतीत हरकत आयली नाय, गो. म्हणजे त्यांची संमती हाय."

"ते गुहागरला पोरगी बघायला चाललेत!"

जमालभाई दचकले. त्यांनी लगेच लॅपटॉप उघडला. "तसा काय कळवलेला नाय त्यांनी. आणि एकदा रीतसर पाठवलेला कागद पुन्हा हातात घेऊन जायचा म्हणजे ती अनधिकृत प्रत होते. असा करता येत नाय. मी स्मरणपत्र पाठवतंय."

आफरीनला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. तिने रडायचं पुढे ढकललं, आत गेली आणि तासाभराने जमालभाईंच्या लॅपटॉपवर एक नवीन फाईल येऊन पडली.

तो एनसीआर होता. आखातात या तीन अक्षरांना तेलाच्या आगीपेक्षा जास्त भितात. कामात गफलत झाली की गफलत करणाऱ्याच्या नावावर हा अहवाल निघतो, आणि त्यावर कार्यवाही झाल्याशिवाय तो कोणाच्या बापाला बंद करता येत नाही. जमालभाईंनी असे पुष्कळ एनसीआर दुसऱ्यांच्या नावावर नोंदवले होते. त्यांच्या स्वतःच्या नावावर संपूर्ण कारकिर्दीत एकही नव्हता. निरोपाच्या समारंभात साहेबाने मुद्दाम उल्लेख केला होता.

अहवालाचा मसुदा निर्दोष होता.

*गफलत करणारा: जमाल मजगावकर. गफलतीचे स्वरूप: होकार पोचला नाही. मूळ कारण: बाबा घरी बसले. सुधारात्मक कार्यवाही: स्वतः राजापूरला जाणे, साखरेसह. मुदत: शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजापूर्वी. पुन्हा असे घडू नये म्हणून उपाय: आवश्यकता नाही, मुलगी एकच आहे. गफलतीमुळे नुकसान होणारी वस्तू:*

या शेवटच्या रकान्यात सहसा पाइप, पंप किंवा झडप असं काहीतरी लिहिलेलं असतं. आफरीनने लिहिलं होतं, 'मी'.

जमालभाई त्या अक्षराकडे बघत बसले. त्याला नंबर नव्हता. मुलगी जन्मली तेव्हा ते आखातात होते, पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हाही. तिच्या सगळ्या बातम्या त्यांना कागदावरच मिळाल्या होत्या, आणि ते कागद त्यांनी फार जपले होते. त्यांनी लॅपटॉप बंद केला. (बंद करण्यापूर्वी सेव्ह केला नाही. ही घटना अभूतपूर्व आहे.)

शुक्रवारी सकाळच्या एसटीने ते राजापूरला निघाले. मांडीवर साखरेचा पुडा होता. पुडा वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला होता, पण त्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. वाटेत ते काय बोलायचं याचा मसुदा मनात करत होते, आणि लांज्यापर्यंत त्याच्या बऱ्याच आवृत्त्या झाल्या.

फहादचे वडील ओटीवर बसले होते. अंगावर इस्त्रीचे कपडे होते, गुहागरला जायचे.

"सलाम आलेकुम," जमालभाई म्हणाले. "आपल्याकडील मागणीच्या संदर्भात आमच्या कार्यालयाने..." आणि ते थांबले. मसुदा साफ पुसला गेला. "फहाद आमचा," ते म्हणाले. "आफरीन तुमची. साखर आणलंय."

म्हाताऱ्याने पुड्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मग इतके दिस काय करत होताव?"

"मी पाठवला होता होकार. त्याच दिवशी."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाय."

"कोणाबरोबर नाय, मग पाठवलाव कसा?" म्हाताऱ्याने खरोखरच न कळून विचारलं.

आतून फहादची आई डोकावली आणि तिने चहाचं आधण ठेवलं, म्हणजे घराचा निर्णय झाला. म्हाताऱ्याने पुडा सोडला, चिमूटभर साखर स्वतःच्या तोंडात टाकली आणि मूठभर जमालभाईंपुढे धरली. जमालभाईंनी पोच म्हणून एक सही मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते साखरेने भरलं. गुहागरला त्या दिवशी कोणीच गेलं नाही, आणि गुहागरच्यांना काय ते समजलं.

आफरीनने एनसीआर रीतसर बंद केला, मग ती वडिलांच्या गळ्यात पडून राहून गेलेलं रडली.

लग्नाची तारीख ठरली. झाल्या प्रकारातून जमालभाईंनी धडा घेतला आणि कार्यपद्धतीत दुरुस्ती केली: होकार यापुढे समक्ष न्यावा. आमंत्रणांबद्दल त्या दुरुस्तीत काही म्हटलेलं नसल्यामुळे आमंत्रणं पीडीएफमध्ये गेली. मासूमाबींनी पायात चपला घालून मोहल्ला आणि आजूबाजूच्या वाड्या पालथ्या घातल्या, दारोदार जाऊन तोंडाने बोलावलं. उरलेलं सगळं जग जमालभाईंनी एका बोटाने बोलावलं.

प्रतिसाद थक्क करणारा होता. अर्ध्या तासात फोनवर अंगठ्यांचा ढीग पडला. जोडलेले हात आले, गुलाब आले, एकाने केकही पाठवला. जमालभाईंनी प्रत्येक अंगठा उपस्थितीच्या तक्त्यात भरला आणि त्या हिशेबाने बिर्याणीच्या देगा सांगितल्या.

निकाह उत्तम झाला. आफरीन सुंदर दिसत होती आणि फहाद तिसऱ्या आवृत्तीबरहुकूम वागला. मासूमाबींनी बोलावलेली माणसं पोराबाळांसह, शेजाऱ्यांसह, एकदोघे तर पाहुण्यांच्या पाहुण्यांसह आली आणि पोटभर जेवली. जमालभाईंनी बोलावलेल्यांची बाजू मांडलेली तशीच राहिली. त्या बाजूच्या देगांची झाकणं निघाली नाहीत.

तुम्हाला ते आमंत्रण आलं होतं. तुम्ही ते उघडलं नाहीत. अंगठा मात्र लगेच पाठवलात, कारण अंगठ्याला फाईल उघडावी लागत नाही. जमालभाईंनी तुमचं ताट मांडलं होतं, शेजारी सरबताचा ग्लास ठेवला होता. ते नवी शेरवानी घालून बराच वेळ हॉलच्या फाटकात उभे होते, आणि रिक्षा थांबली की दोन पावलं पुढे होत होते. तुम्ही येणार याबद्दल त्यांना शंका नव्हती, तुमचा होकार त्यांच्या फोनमध्ये होता. आता ही गोष्ट वाचून झाल्यावर तुमचा अंगठा सवयीने वर आलाच असेल. तो राहू द्या. बिर्याणी वाटून टाकली.